डेस्कटॉप बटण दाबल्यावर 'हुं' करतो आणि गप्प बसतो. दुरुस्त करू की देऊन टाकू?

कीबोर्डवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा साधा आहे, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे आले.

माझा डेस्कटॉप २०१२ सालचा. सुटे भाग घेऊन जोडून घेतलेला, कंपनीचा तयार नव्हे. आत आय-५ ३४७० प्रोसेसर, एच-६१ चा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी), ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. मी भाषांतरं करते, टायपिंगची कामं घेते आणि एवढी वर्षं सगळं यावरच केलंय. घरात लॅपटॉप आहे, पण त्याच्या कीबोर्डवर माझी बोटं बसत नाहीत. दहा ओळी टाइप केल्या की मनगट बोलायला लागतं.

आता दुखणं सांगते. सहा महिन्यांपूर्वी घड्याळ चुकायला लागलं. रात्री भिंतीवरचा स्विच बंद केला की सकाळी तारीख थेट १ जानेवारी २०१२. तेव्हा अर्ध्याअधिक साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडत नव्हत्या. तारीख नीट केली की मुकाट उघडायच्या. मग मी रोज सकाळी आधी तारीख घालायची सवयच लावून घेतली. हसू नका.

दोन महिन्यांपूर्वी पहिल्या दाबाला चालू होईनासा झाला. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला व्हायचा. गार सकाळी तर पाच-सहा वेळा दाबावं लागायचं. एकदा उठला की दिवसभर कसली कुरकुर नाही. आणि गेल्या आठवड्यापासून बटण दाबलं की प्रोसेसरवरचा पंखा अर्धा फेरा मारतो, समोरचा दिवा लुकलुकतो, संपलं. दोन सेकंदांनी आपला आपणच पुन्हा तेच. उचकी लागल्यासारखं.

एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने बाजूचा पत्रासुद्धा काढला नाही. दोनदा बटण दाबलं आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेला, मॅडम. या पिढीचा बोर्ड आता मिळायचा नाही. नवीनच घ्या." वर हा जुना घेऊन जायची तयारीही दाखवली. ती तयारी मला जरा जास्तच तत्पर वाटली, म्हणून "बघते" म्हणून पाठवलं.

मुलाचं म्हणणं, आई, तेरा वर्षं झाली, दे आता रिसायकलिंगला. त्याचंही चुकतंय असं नाही. पण डिस्कमध्ये माझं सगळं काम आहे, त्यातलं निम्मं युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. शिवाय एक जुना स्कॅनर आहे, तो फक्त याच मशीनवर चालतो. दुरुस्ती करावी तर नेमकं काय गेलंय ते आधी कसं कळणार? आणि ते कळल्यावर तरी दुरुस्ती करण्यात अर्थ आहे का?

मला स्क्रूड्रायव्हर धरता येतो. त्यापलीकडे काही नाही.

सुटसुटीत

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. देऊन टाका.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं. तुमचा ३४७० तिसऱ्या पिढीचा. म्हणजे उद्या मशीन उठलं तरी त्यावर चालवणार काय? भाग जुने, रॅम जुनी, डिस्क तर कधीही जाईल. आज एक दुरुस्त कराल, उद्या दुसरं निघेल. डिस्क काढून घ्या, बाकीचं रिसायकलिंगला द्या. तांबं, ॲल्युमिनियम, सोनं सगळं परत वापरात येतं, वाया काही जात नाही. टेबलही मोकळं होईल.

सोल्डरकाका

सुटसुटीतराव, जरा दमानं. रोगी तपासला नाही आणि तुम्ही तेराव्याची यादी काढलीत.

ताई, मी बावीस वर्षं हेच काम केलं, आता हात थरथरतो म्हणून फक्त सल्ले देतो. तुम्ही जे लिहिलंय त्यात निदान जवळजवळ झालेलं आहे. 'डेस्कटॉप बिघडला' असं काही नसतं. डेस्कटॉप म्हणजे एका पत्र्यात राहणारं बिऱ्हाड. एसएमपीएस, बोर्ड, रॅम, डिस्क, प्रत्येकाचं वय वेगळं, मरण वेगळं. त्यातलं कोण गेलंय ते कळेपर्यंत दुरुस्ती की भंगार हा प्रश्नच विचारायचा नाही.

घड्याळाचं आधी सांगतो, कारण ते वेगळं दुखणं आहे. बोर्डावर रुपयाएवढा चपटा सेल असतो, सीआर२०३२. वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो ३ व्होल्टचा असतो, उतरला की तारीख मागे जाते. आणि तारीख २०१२ ची असली की ब्राउझरला वाटतं, या साइटचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो आडवतो. सेल बदला, विषय संपला. त्याच्यामुळे मशीन उठायचं थांबत नाही सहसा.

आता उचकी. पहिल्या दाबाला उठत नाही, तिसऱ्याला उठतो, गार सकाळी जास्त त्रास देतो, एकदा तापला की दिवसभर ठीक. हे वर्णन मी हजारदा ऐकलंय. दहातल्या आठ वेळा ते एसएमपीएसचं असतं, म्हणजे मागच्या बाजूचा पत्र्याचा चौकोनी डबा, ज्यात भिंतीवरची वायर जाते. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतलं द्रव सुकल्यामुळे अशक्त होतात. थंडीत ते आणखी आखडतात, म्हणून सकाळी रडतात. बोर्ड वीज मागतो, डबा देऊ जातो, व्होल्टेज कोसळतं, संरक्षण म्हणून बंद, दोन सेकंदांनी पुन्हा प्रयत्न.

तुम्ही काय करायचं ते क्रमानं सांगतो. भिंतीवरची वायर काढा. मग समोरचं बटण दाबून पाच-दहा सेकंद धरा, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाईल. डाव्या बाजूचा पत्रा मागचे दोन स्क्रू काढून सरकवा. आधी नाक लावा. जळकट, मासळीसारखा वास येतोय का? मग टॉर्च घेऊन बोर्डावरचे छोटे उभे डबे बघा, विशेषतः प्रोसेसरच्या आसपासचे. त्यांची डोकी सपाट हवीत. पुरीसारखी फुगलेली किंवा वर तपकिरी डाग असलेली दिसली तर तसं कळवा. १९९९ ते २००७ च्या दरम्यानच्या बोर्डांवर ही फुगायची साथच आली होती, सदोष द्रवामुळे. २०१२ च्या बोर्डाला ती भीती कमी.

मग रॅमची पट्टी काढा, तिचे सोनेरी दात साध्या पेन्सिलच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, रबराचा भुगा झटका, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' होईपर्यंत परत बसवा. डिस्कच्या आणि डीव्हीडीच्या वायरी काढून ठेवा. फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम. एवढ्यावर चालू करून पाहा. तरी उचकी असेल तर संशय डब्यावर.

एक गोष्ट मात्र हात जोडून. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट बसून राहू शकतात. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. जाळीतून टॉर्च मारून बघा, बोट घालू नका.

कीबोर्डवाली

काका, तुमच्या पोस्टची प्रिंट काढायची होती, पण प्रिंटर त्याच मशीनला आहे. म्हणून वहीत उतरवून घेतली.

पत्रा काढला. आत धुळीचं अंथरूण. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये इतकी गच्च धूळ की ती नखानं सोलली तर नमद्याच्या तुकड्यासारखी अख्खी निघून आली. वास काही नाही. बोर्डावरचे सगळे डबे सपाट डोक्याचे. सेल काढून शेजारच्यांच्या मल्टीमीटरवर मोजला: २.१ व्होल्ट. म्हणजे घड्याळाचा आरोपी सापडला.

रॅम पुसली, वायरी काढल्या. उचकी तशीच.

मग एसएमपीएसच्या जाळीतून मोबाइलचा टॉर्च मारला. आत दोन बुटके डबे शेजारी शेजारी आहेत. एकाचं डोकं आरशासारखं, दुसऱ्याचं फुगून त्यावर वाळलेल्या चहासारखा डाग. ते पाहून मला का कोण जाणे, फार बरं वाटलं.

पण मुलाने नेटवर वाचून एक प्रयोग केला. चोवीस पिनांच्या मोठ्या जोडणीतली हिरवी वायर आणि तिच्या शेजारची काळी यांना कागदाची क्लिप वाकवून जोडली. पंखा व्यवस्थित फिरला! पिवळ्या वायरवर ११.९ व्होल्ट आले. तो म्हणतोय, बघ, डबा चांगला आहे, बोर्डच गेला. आता?

सोल्डरकाका

मुलगा हुशार आहे. पण ती चाचणी अर्धीच. क्लिप लावली तेव्हा डब्यावर ओझं कसलं होतं? स्वतःचा पंखा. रिकामी बैलगाडी सगळेच ओढतात. १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. तुमचे ११.९ बिनओझ्याचे आहेत, प्रोसेसरनं मागणी केली की तो आकडा कुठे जातो ते या चाचणीत दिसत नाही. क्लिप लावून पंखा फिरला नाही तर डबा मेला हे पक्कं. फिरला तर काहीच पक्कं नाही.

खरी चाचणी एकच, दुसरा चालता डबा लावून पाहणं. मुलाचा डेस्कटॉप आहे का? त्याचा डबा त्याच्या मशीनमधून काढायचीही गरज नाही. दोन्ही मशीनं बंद करून, भिंतीवरच्या वायरी काढून, शेजारी शेजारी ठेवा आणि त्याच्या फक्त वायरी तुमच्या बोर्डाला जोडा: एक चोवीस पिनांची आणि एक प्रोसेसरजवळची. तुमच्या बोर्डावर प्रोसेसरजवळ बहुधा चारच पिनांची जागा असेल आणि त्याच्याकडे आठ पिनांची जोडणी. घाबरू नका, ती मधून सरकवली की चार-चार अशी सुटी होते. त्यातलं जे अर्धं तुमच्या जागेत सहज बसेल ते. जोर लावावा लागला तर ते दुसरं अर्धं.

(तुमचं मशीन जोडून घेतलेलं आहे म्हणून हे चालतं. काही कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये जोडणी वेगळीच असते. कुणी वाचून तिथे हा प्रयोग करू नये.)

कीबोर्डवाली

उठला!!

पहिल्या दाबाला. पंखा फिरला, फिरतच राहिला, आणि तो काळा पडदा, पांढरी अक्षरं, 'तारीख-वेळ घातलेली नाही' म्हणून तक्रार. इतकी गोड तक्रार मी कधी वाचली नव्हती. मुलगा नुसता "ओके" म्हणाला आणि आपल्या वायरी काढून घेऊन गेला.

म्हणजे गेला होता तो डबा. बोर्ड ठणठणीत.

पण काका, आता अर्धाच प्रश्न सुटला. सुटसुटीत यांचा मुद्दा डोक्यात आहे. नवा डबा घालीन, पण चालवायचं काय? आणि वीजही जास्त खातो म्हणतात. नुसत्या मायेपोटी तर मी हे करत नाहीये ना?

मीटररीडर

विजेचं मी सांगतो, हा माझा छंद आहे.

माझ्याकडे याच पिढीचं मशीन आहे आणि मी त्याला वॉटमीटर लावून बसलो होतो. मॉनिटर सोडून, टायपिंग आणि ब्राउझर चालू असताना ४५ ते ५० वॉट. प्रोसेसरवर ७७ वॉट लिहिलेले असतात, पण ते त्याला जोरात राबवल्यावरचे; टाइप करताना तो बहुतेक वेळ डुलक्याच घेतो. माझ्या नव्या छोट्या मिनी पीसीवर तेच काम १२ वॉटमध्ये होतं. फरक धरा ३५ वॉट. तुम्ही दिवसाला सहा तास आणि वर्षाला ३०० दिवस काम करत असाल तर वर्षाचा फरक ६३ युनिट. तुमच्या बिलातला दर लावून गुणाकार तुम्हीच करा, पण या आकड्यापायी चालतं मशीन फेकायची गरज नाही. हेच मशीन सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू ठेवणार असाल तर फरक वर्षाला ३०० युनिटच्या पुढे जातो. मग मी म्हणेन नवं घ्या.

दुसरी बाजू कुणी मांडत नाही. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाचा एक अभ्यास आला होता. एक डेस्कटॉप आणि १७ इंची जुन्या धाटणीचा काचेचा मॉनिटर घडवायला निदान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी लागतं असं त्यात होतं. आकडे जुने आहेत, मिनी पीसीला इतकं लागत नसणार. पण मुद्दा तोच: संगणकाचा मोठा खर्च तो तुमच्या टेबलावर येण्याआधीच होऊन गेलेला असतो.

म्हणून सुटसुटीत यांच्या 'वाया काही जात नाही' याला माझी हरकत आहे. रिसायकलिंगमध्ये तांबं परत मिळतं, सोनं मिळतं, पत्रा मिळतो. सिलिकॉनमध्ये कोरलेलं काम परत मिळत नाही. प्रोसेसर वितळवून प्रोसेसर होत नाही. आणि तेही माल नीट जागी पोचला तर. २०२२ मध्ये जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे ती फक्त २२.३ टक्क्यांची. उरलेल्याचं काय होतं? कुठेतरी वायरी जाळून तांबं काढणं, बोर्ड ॲसिडात बुडवून सोनं काढणं, आणि ते करणाऱ्याच्या फुप्फुसात उरलेला हिशेब.

सुटसुटीत

मान्य. बोर्ड गेला असता तर मात्र माझंच म्हणणं बरोबर ठरलं असतं, एवढं तरी लिहा.

सोल्डरकाका

लिहितो. बोर्ड गेला असता तर मीही 'द्या' म्हणालो असतो. जुन्या पिढीचा बोर्ड वापरलेलाच मिळतो, त्याचंही वय तेवढंच. बदललेला भाग स्वतः मरणाच्या रांगेत असेल तर ती दुरुस्ती नव्हे, नुसती मुदतवाढ. इथे गेलाय तो डबा, आणि डबा नवा मिळतो. उद्या हे मशीन खरंच संपलं तरी तो पुढच्या मशीनला चालेल. माझी कसोटी हीच होती गिऱ्हाइकासाठी: घातलेला भाग मशीन संपल्यावरही उरणार असेल तर घाला.

ताई, त्याच न्यायानं एक एसएसडीही घ्या, म्हणजे हार्ड डिस्कचं काम करणारी चिपांची डिस्क, २५० जीबीच्या आसपासची. तुमच्या एच-६१ बोर्डावर साटाच्या, म्हणजे डिस्क जोडायच्या, जागा जुन्या ३ गिगाबिटच्या आहेत, त्यामुळे एसएसडीचा निम्मा वेग वाया जाईल असं कुणी सांगेल. आकड्यात खरं आहे, कामात जाणवणार नाही. हार्ड डिस्कची खरी रड तिच्या सुईची आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे हवी ती जागा सुईखाली यायलाच सरासरी चार मिलिसेकंद, शिवाय सुई सरकायचा वेळ वेगळा. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. आणि रॅम ४ ची ८ करा. बोर्डावर दोन जागा असतात, दुसरी बहुधा मोकळी असेल.

चालवायचं काय? लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. पेन ड्राइव्हवर घालून, काही न पुसता, नुसती चालवून बघता येते. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासून असतो.

पण या सगळ्याच्या आधी एक काम. नवा डबा बसल्यावर पहिल्यांदा उठेल तेव्हा पहिली गोष्ट कॉपी. मिंटबिंट नंतर. ती डिस्क तेरा वर्षं फिरलीये. तिची प्रकृती दाखवणारी प्रोग्रॅम्स असतात. त्यात 'रिॲलोकेटेड सेक्टर', म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, असा आकडा दिसेल. शून्य असेल तर उत्तम, वाढत असेल तर घाई करा.

डबा येईपर्यंत थांबायचं नसेल तर डिस्क काढून लॅपटॉपला यूएसबीनं जोडता येते. फक्त डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट वेगळे लागतात, म्हणून ज्या केबलला स्वतःचा ॲडॅप्टर असतो तीच घ्या. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कची बिनॲडॅप्टरची केबल लावली तर डिस्क फिरणारच नाही, आणि माणसाला वाटतं डिस्क गेली.

आणि तो तत्पर दुरुस्तीवाला. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पण डिस्क आत असताना मशीन कुणाच्या हाती देऊ नये. नुसतं झटपट (क्विक) फॉरमॅट केल्यानं फाइली जात नाहीत, फक्त त्यांची अनुक्रमणिका जाते. हार्ड डिस्क पूर्ण एकदा शून्यांनी भरली की पुरे, सात-सात वेळा घासायची गरज नाही. एसएसडीला ही रीत भरवशाची नाही, तिची स्वतःची पुसायची आज्ञा वापरावी लागते.

अनुस्वार

मी मुद्रितशोधक. फॉन्टचा उल्लेख वाचून थांबले, कारण यात माझं दोन वर्षांचं काम बुडालं आहे.

ताई, फाइली कॉपी करताना फॉन्टही कॉपी करा. सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं, ते अख्खं उचला. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे होते. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, मुखवटा तेवढा फॉन्टमध्ये. फॉन्ट गेला की तुमचा अख्खा ग्रंथ उंदरानं कीबोर्डवर नाचल्यासारखा दिसतो. मी फाइली जपल्या, मशीन दिलं, फॉन्ट त्याच्याबरोबर गेला. तो कुठला होता हेही आठवेना, कारण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी.

युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर, म्हणजे जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये ते उलटं. त्यामुळे 'स्थिती', 'निर्मिती' असल्या शब्दांत हमखास गडबड होते. वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते. बदललेल्या फाइलीत आधी हे दोन शब्द शोधा; ते नीट आले असतील तर बाकीचं बरंचसं नीट असतं.

जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरबरोबर मागे लावायचं डोंगल (ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी चावी) आलं असेल तर तेही ठेवा. मशीनच्या मागच्या बाजूला हात घालून बघा, वर्षानुवर्षं तिथेच लटकत असतं आणि मशीनबरोबर जातं.

कीबोर्डवाली

अनुस्वारताई, हात घालून पाहिला. आहे! निळं, अंगठ्याएवढं, धुळीनं राखाडी झालेलं. मी इतकी वर्षं त्याला प्रिंटरच्या वायरीचा भाग समजत होते.

काय काय केलं ते सांगते. नवा डबा बसवला, स्वतः. जुना काढताना चार स्क्रू, नवा बसवताना चार स्क्रू, आणि चोवीस पिनांची जोडणी उपसताना अर्धा तास, कारण तिच्या बाजूची खिट्टी दाबायची असते हे मला कळलंच नाही. सेल नवा घातला. आता तारीख आजची आहे आणि रोज सकाळी मला दोन मिनिटं उगाच मोकळी वाटतात.

रिॲलोकेटेड सेक्टर: ८. काका, घाई केली. सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, फॉन्ट्सचं फोल्डर सकट. 'निर्मिती' तपासला. 'निमिर्ती' आला. म्हणजे कन्व्हर्टरवर सोडून चालणार नाही, हातानं बसावं लागेल.

एसएसडी आणि रॅम घातली, मिंट चढवलं. बटण दाबल्यापासून काम सुरू करेपर्यंत आधी मी केस विंचरून यायची, आता खुर्ची पुढे ओढेपर्यंत तयार असतो.

जुना एसएमपीएस आणि उतरलेला सेल वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवलेत, ई-कचरा रीतसर घेणाऱ्याकडे देईन. सुटसुटीत, तुमचं एवढं ऐकलं.

अडलंय एकच. स्कॅनर. मिंटमध्ये तो दिसतो, नाव सुद्धा बरोबर येतं, पण स्कॅन म्हटलं की दिवा सरकत नाही.

सोल्डरकाका

काही स्कॅनरांना चालू झाल्यावर संगणकाकडून आपलं फर्मवेअर, म्हणजे स्कॅनरच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, लागतं. ते विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये दडलेलं असतं, मिंटला ते मिळत नाही. कधी कधी ती फाइल काढून देता येते, पण तुम्हाला त्या भानगडीत पाडत नाही.

जुनी डिस्क अजून तुमच्याकडेच आहे ना? तिच्यावरचं विंडोज आहे तसं राहू द्या, काही पुसू नका. तिची वायर पुन्हा बोर्डाला लावा. रोज एसएसडीवरून मिंट चालेल. स्कॅन करायचं असेल त्या दिवशी मशीन चालू होताना बूट मेनूची (कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीची) कळ दाबायची, बहुतेक बोर्डांवर एफ-८, एफ-११ किंवा एफ-१२, आणि जुनी डिस्क निवडायची. स्कॅन झालं की पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि बंद करायचं. आठ सेक्टर गेलेत तिचे, पण महिन्यातून दोनदा अर्धा तास फिरायला तिची ना नसावी. तिच्यावर नवं काही ठेवायचं नाही एवढंच.

आणि त्या वेळी मागची नेटची वायर काढूनच. त्या विंडोजला आता कुणी वाली नाही.

कीबोर्डवाली

एफ-११ निघाली. स्कॅनरचा दिवा सरकला. नेटची वायर काढून कीबोर्डवर ठेवली होती, म्हणजे ती परत लावल्याशिवाय मला टाइपच करता येणार नाही आणि विसरायची भीती नाही.

मुलगा आत्ता येऊन विचारून गेला, त्याच्या डेस्कटॉपचा पंखा हल्ली खडखडतो, जरा पत्रा काढून बघशील का.